बुडालेल्या जहाजाची प्रत्यक्ष पाहणी

साडू चार दिवसांसाठी बेटावर आले आणि तिसऱ्या दिवशी बुडालेलं जहाज पाहून आले, इथपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. बेटावर येणारे बहुतेक लोक त्यासाठीच येतात. दक्षिणेकडच्या खडकाजवळ, चौदा मीटर पाण्याखाली, एक मालवाहू जहाज साठ-पासष्ट वर्षं आडवं पडलेलं आहे, आणि पाठीला हवेची टाकी बांधून त्याच्याभोवती फिरून येणं यावर अर्धं बेट जगतं. तक्रार सुरू झाली ती साडू ओल्या केसांनी दिवाणखान्यात बसून फोनमधले फोटो दाखवू लागले तेव्हा. फोटो एक्केचाळीस होते. त्यांतल्या चाळीस फोटोंत साडू होते आणि एकात साडूंचं बोट होतं. त्यांच्या मागे निळसर अंधूक असं काहीतरी होतं, ते जहाज असावं.

घरचे यजमान बंदर कचेरीत हेडक्लार्क होते. समोरून त्यांना सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागून त्रुटीसाहेब, कारण त्यांच्या टेबलावर आलेला कोणताही अर्ज निदान एका त्रुटीशिवाय पुढे गेला, असं कुणी पाहिलं नव्हतं. या टोपणनावाची त्यांना कल्पना होती. मनातून ते त्यांना आवडत असे. फक्त 'त्रुटी'मधला उकार काही लोक दीर्घ लिहितात याचं वाईट वाटे.

तर या जहाजाची फाइल बावीस वर्षं त्यांच्याच कपाटात होती. त्यामुळे त्यांनी साडूंना फार सौम्यपणे सांगितलं, की जहाज सत्तर मीटर नव्हे तर बासष्ट मीटर लांब आहे, त्याचं तोंड वायव्येला आहे, आणि त्यात चिनी मातीची भांडी होती. दर वर्षी शाळेची मुलं कचेरी बघायला येत तेव्हा साहेब त्यांना या भांड्यांबद्दल सांगत. एका मोठ्या राज्यपालांसाठी चाललेले चहाचे नाजूक संच, सोनेरी काठाचे, खालून बशीसुद्धा पारदर्शक. फाइलमध्ये 'चिनी मातीची भांडी' एवढंच होतं. पुढचा कागद वाळवीनं खाल्ला होता, आणि तिथून पुढे साहेबांनी स्वतः काम केलं होतं.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साडूभाऊ, तुम्ही किती वेळा उतरलात खाली?"

"उतरायची कधी गरज पडली नाही," साहेब म्हणाले. "फाइल आहे ना."

साडू हसले. ते हसणारच, त्यांचा स्वभावच तो. पण कपबश्या गोळा करणारी बायकोही हसली. आवाज न करता हसली, पण ट्रेमधल्या कपबश्या किणकिणल्या आणि तो किणकिणाट साहेबांच्या जिव्हारी लागला. त्यांनी घसा साफ केला आणि कचेरीतल्या भाषेत जाहीर केलं, की पुढील महिन्यात ते सदर जहाजाची प्रत्यक्ष पाहणी करणार आहेत.

साडू दुसऱ्या दिवशी गेले. जाहीरनामा मागे राहिला, आणि तो दुपारपर्यंत जिन्यातून चारही मजल्यांवर पोचला. तळमजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरनी स्वतः वर येऊन साहेबांचे डोळे खाली ओढून पाहिले, जीभ पाहिली आणि सांगितलं, की पाण्याखाली जायचं म्हणजे सगळा खेळ दमाचा. रोज सकाळी बादलीभर पाण्यात तोंड घालून श्वास रोखायचा आणि रोज पाच सेकंद वाढवायचे. ते स्वतः कधी पाण्याखाली गेले होते का, हे विचारायचं राहून गेलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा सल्ला त्याहून थोडक्यात होता. मृत्युपत्र करून ठेवा, म्हणाल्या. त्यात भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा उल्लेख करा, नाहीतर नंतर भांडणं होतात. साहेबांना मूलबाळ नव्हतं, बायको एकटीच वारस होती, तेव्हा ती घड्याळासाठी कुणाशी भांडणार हे कळेना. तरी त्यांनी घड्याळाची नोंद करून ठेवली.

बादलीचा अभ्यास मात्र मनापासून झाला. न्हाणीघराचं दार लावून साहेब रोज सकाळी गुडघे टेकून बसत आणि बायको बाहेरून सेकंद मोजत असे. मध्येच तिला दुधाकडे बघायला जावं लागलं, की मोजणी बंद पडे आणि साहेब आतच राहत. पाण्यात घालायचा चष्माही त्यांनी आणला. तो नाकासकट अर्धा चेहरा झाकतो. सवय व्हावी म्हणून तो लावून ते वर्तमानपत्र वाचत, आणि साडेनऊला कचेरीत जात तेव्हा चेहऱ्यावर लाल, लंबगोल वळ असे. शिपायानं पहिल्या दिवशी आदरानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मलम आणून दिलं.

आता परवानगी. जहाजाजवळ उतरायचं तर बंदर कचेरीची परवानगी लागते, आणि त्या अर्जाचा नमुना खुद्द साहेबांनी तयार केलेला होता. त्यांच्या आधी तो एक पान होता. साहेबांनी तो सहा पानांवर नेला होता आणि सातव्याचा विचार चालू होता. अर्ज भरायला दहा मिनिटं पुरतात, असं ते खिडकीवरच्या लोकांना बावीस वर्षं सांगत आले होते. सोमवारी ते स्वतः भरायला बसले आणि जेवणाच्या सुटीपर्यंत तिसऱ्या पानावर होते. चौथ्या पानावर 'न परतल्यास कोणास कळवावे' असा रकाना होता आणि त्या व्यक्तीची संमतीची सही लागत होती. घरी जाऊन त्यांनी बायकोपुढे कागद ठेवला.

"मी परत आलो नाही तर तुला कळवतील," त्यांनी समजावलं.

"किती वाजेपर्यंत?" तिनं विचारलं. "म्हणजे तोवर मला घरीच थांबावं लागेल का?"

हा मुद्दा नमुना तयार करताना कुणाच्या लक्षात आला नव्हता.

नियमाप्रमाणे स्वतःचा अर्ज स्वतः तपासता येत नाही, म्हणून तो कनिष्ठ लिपिकबाईंकडे गेला. या बाई नऊ वर्षं साहेबांच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. त्यांचं टेबल साहेबांच्या टेबलापासून चार फुटांवर होतं. अर्ज आवक नोंदवहीतून रीतसर गेला आणि चार फूट अंतर त्यानं तीन दिवसांत कापलं. चौथ्या दिवशी तो परत आला. समासात लाल शाईनं, अगदी साहेबांच्याच वळणाच्या अक्षरात चार त्रुटी होत्या आणि खाली 'सबब अर्ज परत' असा शेरा होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. शिक्षकाला विद्यार्थी पुढे गेल्याचा होतो तसा आनंद त्यांना झाला, आणि त्याच वेळी रडू येईल असंही वाटलं. बाई खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होत्या.

पहिली त्रुटी कानाची. फोटोत दोन्ही कान स्पष्ट दिसावेत असा नियम होता, आणि साहेबांचा डावा कान जन्मापासून डोक्याला चिकटलेला आहे. फोटोग्राफरनं तो तीन वेळा ओढून पाहिला, तो तीन वेळा जागेवर गेला. शेवटी कानामागे घडी केलेलं पुठ्ठ्याचं पाकीट खोवून फोटो निघाला. त्यात कान स्पष्ट होता. बाकी माणूस मात्र मागून कुणीतरी हाक मारल्यासारखा दिसत होता.

दुसरी त्रुटी अशी, की प्रयोजनाच्या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहणी' लिहिलं होतं. बाईंचं म्हणणं, की पाहणी सरकारी असेल तर वरिष्ठांचा दौऱ्याचा आदेश जोडावा. खासगी असेल तर त्यासाठी 'सहल' हा शब्द ठरलेला आहे. ठरवलेला कुणी, ते सांगायला नको. साहेबांनी 'प्रत्यक्ष पाहणी' खोडलं, खोडल्यावर सही केली आणि दात आवळून 'सहल' लिहिलं.

तिसरी त्रुटी पोहण्याच्या दाखल्याची. आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एवढी वर्षं बेटावर काढून साहेबांना पोहता येत नव्हतं. समुद्र हा त्यांच्या मते पत्रव्यवहाराचा विषय होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते तरणतलावावर गेले, तेव्हा मोठ्यांचा वर्ग भरला होता. जागा फक्त 'बेडूक' गटात होती. बेडूक गटात नऊ जण होते. आठ जण साहेबांच्या कमरेपर्यंत येत होते. तीन आठवडे ते कठड्याला धरून पाय मारत राहिले. शेजारची सात वर्षांची मुलगी फार समजूतदार होती. ती रोज सांगायची, "आजोबा, पाय चिडल्यासारखे नका मारू." एकविसाव्या दिवशी साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचले आणि आठही जणांनी टाळ्या वाजवल्या. दाखल्यावर वरच्या कोपऱ्यात हिरवा, हसरा बेडूक छापलेला होता. तो तीन प्रतींत सादर झाला. लिपिकबाईंनी त्या बेडकाकडे पुष्कळ वेळ पाहिलं, पण नियमात बेडकाविरुद्ध काही नव्हतं.

चौथी त्रुटी सगळ्यांत अवघड. पाण्याखाली कुणी एकट्यानं उतरायचं नाही, जोडीदार हवा, आणि तो रकाना रिकामा होता. साहेबांनी कचेरीत विचारून पाहिलं. शिपायाचा गुडघा दुखत होता, खजिनदारांची सासू आजारी होती, आणि बंदर अधिकाऱ्यांनी सांगितलं, की ते समुद्राचा आदर लांबूनच करतात. कंपाउंडर तयार होते, पण त्यांचा दम बादलीपुरता होता. संध्याकाळी साहेब जेवायच्या टेबलाशी तो रिकामा रकाना पुढे घेऊन बसले होते. बायको शेंगा सोलत होती.

"माझं नाव घाला," ती म्हणाली.

साहेबांनी तिला समजावून सांगितलं, की याला पोहता यावं लागतं.

"मला येतं. आमच्या गावचं तळं मी आठवीत असताना आरपार केलं होतं. दोनदा."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं?" ती म्हणाली आणि शेंगांची टरफलं घेऊन उठली.

सव्वीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोच्या फाइलमधला हा कागद आपण पाहिलाच नाही, हे साहेबांना त्या रात्री जेवताना राहून राहून टोचत राहिलं. त्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी विचारून पाहिल्या. तिला झाडावर चढता येत होतं. शिटीही वाजवता येत होती. पुढे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. पाणबुड्यांची शाळा धक्क्याच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली होती. तिथल्या शिक्षिका म्हणजे उन्हानं रापलेल्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या बाई. साहेब त्यांना चांगले ओळखत होते, कारण अकरा वर्षं त्या आपल्या विद्यार्थ्यांचे अर्ज घेऊन त्यांच्या खिडकीपुढे उभ्या राहत आल्या होत्या. एकदा तर साहेबांनी त्यांना फक्त टाचणी चुकीच्या कोपऱ्यात लावली म्हणून परत पाठवलं होतं. आता त्या बदला घेतील, या तयारीनं साहेब गेले. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टाचणीचा विषयही काढला नाही. साहेबांना ते फार लागलं.

पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं, की सगळ्यांत मोठा नियम एकच आहे: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीत हवा असते, ती सतत घ्यायची आणि सतत सोडायची. रोखली तर वर येताना फुप्फुसाला इजा होते. साहेबांनी हात वर केला आणि विचारलं, की ज्याचा अभ्यास एक मिनिट पंचवीस सेकंदांपर्यंत गेला आहे, त्यानं काय करावं. बाई म्हणाल्या, विसरावं.

विसरायला आठ दिवस लागले. बायकोला पहिल्या दिवशी सगळं जमलं. चष्म्यात पाणी शिरलं तर नाकानं हवा सोडून ते बाहेर काढायचं, कान दुखले तर नाक दाबून हळूच फुंकायचं, हे ती असं करत होती जसं काही रोज ओट्याशी उभी राहून हेच करते. साहेब चष्म्यातलं पाणी प्यायचे. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हातांच्या खुणाही शिकवल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की 'ठीक आहे'. पंजा डोलवला की 'काहीतरी बिघडलंय'. साहेबांना दुसरी खूण लगेच पाठ झाली.

ठरलेल्या सकाळी होडी निघाली तेव्हा समुद्र अगदी शांत होता, असं सगळ्यांचं मत पडलं. साहेबांचं मत वेगळं होतं. ते त्यांनी होडीच्या कडेवरून वाकून दोनदा मांडलं. मग रबरी पोशाख चढवायची वेळ आली. तो एक माप लहान निघाला. बायकोनं पुढून आणि बाईंनी मागून ओढून त्यांना त्यात भरलं, चेन लावली, कमरेला शिशाचा पट्टा बांधला आणि टाकी जोडलेलं जाकीट चढवलं. पायांत माशाच्या परांसारखे लांब रबरी पंखे घातल्यावर साहेब दोन पावलं पुढे चालले आणि बसले. बसले ते बरं झालं, कारण पुढची पायरी बसूनच करायची होती: होडीच्या काठावर पाठ करून बसायचं आणि मागच्या मागे पाण्यात पडायचं. एवढ्या सगळ्या परवानग्या काढून शेवटी माणसानं पाठमोरं कोसळायचं, हे साहेबांना शोभादायक वाटलं नाही. ते काही हरकत नोंदवणार तेवढ्यात बायको शेजारून पडली. तिच्यामागे तेही पडले.

खाली जाताना दोरी धरायची होती. साहेब हातभर उतरत, थांबून नाक दाबत, पुन्हा हातभर उतरत. दोनदा त्यांनी पंजा डोलवला. दोन्ही वेळा बायको वर आली, त्यांचा दंड धरला आणि कान मोकळा होईपर्यंत थांबली. तिच्या चष्म्याआड तिचे डोळे मोठे दिसत होते आणि ते कुठेही घाबरलेले नव्हते. अशी दहा-बारा मिनिटं गेली. मग निळ्या पाण्यातून हळूहळू एक काळी भिंत पुढे आली. ती उंच होत गेली, लांब होत गेली, आणि साहेबांना कळलं, की हे जहाज आहे.

बासष्ट मीटर हा आकडा त्यांनी शेकडो वेळा लिहिला होता. बासष्ट मीटर म्हणजे एवढं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या अंगावर पोवळी उगवली होती, कठड्यावर पंख्यांच्या आकाराची जांभळी झुडपं डोलत होती, आणि जिथे डोलकाठी मोडली होती तिथून पिवळ्या माशांचा एक अख्खा थवा असा बाहेर पडला, जशी शाळा सुटावी. साहेबांचं काळीज भरून आलं. तोंडात नळी असल्यामुळे काही म्हणता येईना. म्हणून त्यांनी शिक्षिकाबाईंकडे वळून दोन्ही हातांचे अंगठे उंच केले आणि ते जोरजोरात हलवले.

पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे 'मला ताबडतोब वर न्या'. ही खूण सगळ्यांत महत्त्वाची असते. तिला कुणी उलट प्रश्न करायचा नाही, हेही शिकवलेलं असतं. बाईंनी एक क्षणही न दवडता त्यांच्या जाकिटाचा पट्टा धरला. बायकोनं दुसऱ्या बाजूनं धरलं. साहेबांनी नाही-नाही म्हणून पुन्हा अंगठे हलवले. दोघींनी आणखी घट्ट धरलं. जहाज खाली खाली जात अंधूक झालं आणि तिघंही होडीशेजारी उन्हात बाहेर आली. बावीस वर्षांच्या फाइलची प्रत्यक्ष पाहणी पन्नास सेकंद चालली होती.

होडीत टॉवेल गुंडाळून साहेबांनी खरा प्रकार सांगितला. शिक्षिकाबाईंनी समुद्राकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. बायको मात्र हसली नाही. ती ओले केस पिळत म्हणाली, "आवडलं ना तुम्हाला?"

साहेब म्हणाले, हो. एवढंच म्हणाले, आणि आपण यात काही पुढे जोडलं नाही याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

शरीर पूर्ववत व्हायला तासभर थांबावं लागतं. तासानंतर बाईंनी दुसऱ्या टाक्या काढल्या. या खेपेला कान लवकर मोकळे झाले. जहाजाच्या कठड्यावरून, घराच्या गच्चीवरून चालावं तशी तिघं सावकाश पुढे गेली. बायको पुढे, मध्येच थांबून बोटानं काहीतरी दाखवणारी: हा खडक नव्हे, मासा आहे, हे फूल नव्हे, जनावर आहे. साहेब दर वेळी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करून दाखवत. मागच्या बाजूला मालाच्या कोठाराचं झाकण निखळून पडलं होतं आणि आत उजेडाचा एक पट्टा उतरला होता. साहेबांनी कठडा धरून आत डोकावलं. चहाचे संच बघायला त्यांचे डोळे आतुर होते.

आत चिनी मातीचे कमोड होते. ओळीनं, एकाला एक लागून, शंभरावर असतील. काही आडवे, काही उभे, आणि पहिल्याच कमोडमध्ये एक मोठा, जाड ओठांचा, तपकिरी मासा बसला होता. तो साहेबांकडे त्रासिक चेहऱ्यानं पाहत होता, दार न ठोठावता आलेल्या माणसाकडे पाहावं तसा.

साहेब त्या माशाकडे बघत राहिले. दर वर्षीची शाळेची मुलं, राज्यपाल, सोनेरी काठ, पारदर्शक बशी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांना पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटलं. ते होडीवरचं दुखणं नव्हतं, हसू होतं. नळीतून बुडबुड्यांचा मोठा लोट निघाला, हसण्याच्या सुरकुत्यांमधून चष्म्यात पाणी शिरलं, आणि त्यांनी मान वर करून नाकानं फुंकून ते झटक्यात बाहेर काढलं. आठ दिवस जे जमत नव्हतं ते करून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बायको शेजारी येऊन आत डोकावली. तिनं माशाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्याही नळीतून तसाच लोट निघाला. वरून बघणाऱ्या होडीवाल्याला वाटलं, खाली काहीतरी उकळतंय.

परतीच्या वाटेवर साहेबांनी शिक्षिकाबाईंना विचारलं, की अकरा वर्षं त्यांना हे माहीत होतं, मग त्यांनी कधी सांगितलं का नाही. बाई म्हणाल्या, "अर्जात तसा रकाना नव्हता, साहेब."

मग त्यांनी दोघांच्या हातात एकेक निळी वही दिली. प्रत्येक बुडीनंतर तिच्यात खोली, वेळ, आणि काय पाहिलं ते लिहायचं असतं, आणि जोडीदारानं वाचून खाली सही करायची असते. सहीशिवाय ती बुडी धरत नाहीत. साहेबांनी आपलं पान भरायला पेन उघडलं, पण रकान्यांत काय लिहावं ते सुचेना. बायकोचं लिहून केव्हाच झालं होतं. तिनं वही त्यांच्यापुढे केली. शेऱ्याच्या जागी गोलसर अक्षरात तीन ओळी होत्या:

'जहाज फार सुंदर. जोडीदार आज सलग चाळीस मिनिटं माझ्याबरोबर होता आणि एकदाही त्यानं मला दुरुस्त केलं नाही. पुन्हा यायचं आहे.'

साहेबांच्या मनगटावर पाण्याखालचं घड्याळ होतं आणि त्यावरचा आकडा अजून पुसला गेला नव्हता. खालचा वेळ चौतीस मिनिटं होता. चाळीस नव्हे, चौतीस. त्यांनी पेनचं टोक 'चाळीस' या शब्दापाशी नेलं. होडी लाटेवर हलकीच उचलली गेली आणि खाली बसली. बायको काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, तोंडात दोन बोटं घालून कुठल्याशा पक्ष्याला शिटी मारत होती.

साहेबांनी पेन खाली सरकवलं आणि सही केली.